‘मी’ कोणाचा? : बनशंकरीतील मराठी घरांतले ‘व्यंकटेश स्तोत्र’ आणि पठणाचे काव्यशास्त्र

१

मराठी समीक्षेने संतकाव्याचा, पंडिती आख्यानकाव्याचा आणि शाहिरी रचनेचा विचार विस्ताराने केला आहे. स्तोत्र या रचनाप्रकाराकडे मात्र तिने फारसे लक्ष दिलेले नाही. मराठी घरांतून देवीदासाच्या ‘व्यंकटेश स्तोत्रा’इतक्या वेळा उच्चारली गेलेली मराठी रचना शोधू गेल्यास ‘हरिपाठ’, ‘करुणाष्टके’ आणि काही आरत्या एवढीच नावे पुढे येतील. तरीही वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांतून या स्तोत्राच्या वाट्याला बहुधा एखाददुसरे वाक्य येते. या उपेक्षेमागे तीन कारणे संभवतात. एक, स्तोत्र हे ‘उपयोगाचे’ वाङ्मय असल्याने ते सौंदर्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. दोन, त्याची फलश्रुती आधुनिक समीक्षकाला अवघडल्यासारखी वाटते. तीन, आणि हे कारण अधिक मूलगामी आहे, स्तोत्र ‘वाचले’ जात नाही, ते ‘म्हटले’ जाते. वाचनावर उभ्या राहिलेल्या समीक्षेकडे म्हणण्याच्या कृतीचे विश्लेषण करण्याची साधने अपुरी आहेत.

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या कारणाचा विचार करावयाचा आहे. उपासना म्हणून एखादी रचना रोज म्हटली जाते, तेव्हा तिच्यातील ‘मी’ हे सर्वनाम कोणाकडे निर्देश करते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न येतो. म्हणणाऱ्याला रचनेची भाषाच पुरती उमगत नसेल, तर त्या म्हणण्याला वाङ्मयीन व्यवहार म्हणता येईल काय? हा दुसरा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. अभ्यागत अध्यापक म्हणून बंगळूरच्या दक्षिण भागात, बनशंकरी परिसरात राहत असताना, काही मराठी घरांतून येणे-जाणे घडले आणि तो समोर आला. येथे नोंदविलेली निरीक्षणे हे सर्वेक्षण नव्हे. एका संहितेच्या विश्लेषणाला मिळालेली ती जिवंत पार्श्वभूमी आहे, इतक्याच मर्यादित अर्थाने ती घ्यावीत.

२

प्रथम स्थळाविषयी. बनशंकरी हे नाव ज्या देवीवरून पडले, तिचे मूळ ठाणे बदामीजवळ आहे. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात जिचा उल्लेख येतो ती शाकंभरी आणि ही वनशंकरी एकच, अशी श्रद्धा आहे. बदामीची बनशंकरी ही कन्नड भाषकांप्रमाणेच अनेक मराठी कुटुंबांचीही कुलस्वामिनी असून पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचे शाकंभरी नवरात्र महाराष्ट्रातील कितीतरी घरांत पाळले जाते. बंगळूरमधील कनकपुरा रस्त्यावरचे बनशंकरीचे देऊळ १९१५ सालचे. इतरत्र वर्ज्य मानला जाणारा राहुकाल या देवळात पूजेचा खास काळ समजला जातो आणि लिंबाच्या अर्ध्या साली उलट्या करून त्यांत दिवे लावले जातात. म्हणजे मराठी माणूस या वसाहतीत येतो तेव्हा एका अर्थाने तो आपल्याच देवीच्या नावाने वसलेल्या जागी येतो. मात्र त्या नावाभोवतीची भाषा कन्नड असते आणि उपासनेची रीतही वेगळी असते.

मराठीचा या शहराशी असलेला संबंध आजच्या नोकरदारांपासून सुरू होत नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी संपादित केल्यामुळे आपल्याला उपलब्ध झाला. त्या ग्रंथात संस्कृतसोबत अनेक देशी भाषांतील रचना एकत्र नांदताना दिसतात. एकाच दरबारात अनेक भाषांतून स्तुती व्हावी, ही त्या काळची सहज स्थिती होती. तिचे घरगुती रूप बनशंकरीतील एखाद्या देशस्थ घराच्या देवघरात आजही आढळते. संस्कृतातील ‘विष्णुसहस्रनाम’, माध्व घर असल्यास त्रिविक्रम पंडिताचार्यांची ‘वायुस्तुती’, कन्नडमधील दासरपदे आणि मराठीतील ‘व्यंकटेश स्तोत्र’ ही चारही एकाच पाटावर बसून म्हटली जातात. म्हणणाऱ्याला आपण भाषा बदलली याचे भान असतेच असे नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते असावे लागते.

व्यंकटेश हे दैवतही या चर्चेत दुर्लक्षून चालणार नाही. तिरुमलाच्या डोंगरावरील या देवाची संस्कृत, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मराठी या पाचही भाषांत विपुल स्तुती झाली. अन्नमाचार्यांची (१४०८–१५०३) हजारो तेलुगू संकीर्तने ताम्रपटांवर कोरून जतन केली गेली. कन्नड हरिदासांनी त्याच्यावर पदे रचली. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात मराठी दैवतकल्पनेची दक्षिणेकडील मुळे ज्या चिकाटीने शोधली, तिच्यामुळे हा सारा प्रदेश एक सलग उपासनाक्षेत्र म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला मिळाली. बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये वरप्रद वेंकटेश्वराचे जे देऊळ आहे, ते ‘देवगिरी’ या नावाने ओळखले जाते. यादवांच्या राजधानीशी त्याचा काही संबंध नाही. पण मराठी माणसाच्या कानाला त्या नावात एक ओळख लागते, आणि स्थलांतरिताच्या धार्मिक जीवनात अशा ओळखींना महत्त्व असते.

३

आता संहितेकडे वळू. ‘व्यंकटेश स्तोत्र’ १०८ ओव्यांचे आहे. ते ग्रंथिक ओवीत रचलेले असून पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण मोकळा, ही तिची सर्वपरिचित ठेवण येथेही आहे. सावकाश म्हटल्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. गणेश, सरस्वती, गुरू आणि संतसज्जन यांना नमन करून कवी व्यंकटेशाला हाक घालतो. त्यानंतर जो भाग येतो तो या रचनेचा प्राण होय. तो स्तुतीचा म्हणावा की तक्रारीचा, असा प्रश्न पडावा, इतका त्याचा सूर वेगळा आहे.

कवी देवाला त्याचेच दाखले देतो. द्रौपदीला अपार वस्त्रे पुरविणारा तू, आमच्याच वेळी हा कंजूषपणा कोठून आणलास, असे तो विचारतो. मध्यरात्री ऋषींच्या पंक्ती जेवू घालणारा देव आपल्याला मात्र पोटासाठी दिशा दिशा हिंडवितो, ही त्याची तक्रार आहे. लक्ष्मी पायाशी आहे, कुबेर भांडार सांभाळतो, आणि भक्ताच्या खांद्याला झोळी. यात तुझा कोणता पराक्रम, असा रोकडा सवाल तो करतो. त्याहून पुढे जाऊन तो देवाच्या अब्रूला हात घालतो. मोठ्याच्या घरच्या कुत्र्यालाही लोक मान देतात. मी तुझा म्हणवून दीनवाणा फिरत असेन, तर अपमान कोणाचा झाला?

या भागातील ओवीची रचना बारकाईने पाहावी. पुष्कळ ओव्यांत पहिल्या चरणांतून दाखला किंवा वस्तुस्थिती येते आणि उरलेल्या चरणांतून सवाल. यमकाने बांधलेले तीन चरण म्हणणाऱ्याला पुढे ढकलत नेतात. यमक नसलेल्या चौथ्या चरणावर आवाज खाली उतरतो आणि क्षणभर थांबतो. सवाल पुष्कळदा नेमका या थांबण्याच्या जागी पडतो. त्यानंतरची शांतता म्हणजे उत्तरासाठी सोडलेली जागा होय. मौन वाचनात ही जागा दिसत नाही. मोठ्याने म्हणताना ती श्वासासाठी घ्यावीच लागते. म्हणजे या छंदात वाद आणि श्वास यांची सांगड घातली गेली आहे, आणि ती केवळ पठणात प्रत्ययाला येते. ‘उपयोगाचे’ म्हणून बाजूला सारलेल्या रचनेत रूप आणि आशय यांचे हे नाते असावे, हे आपल्या समीक्षेने लक्षात घ्यावयास हवे.

वादाची दुसरी बाजूही संहितेतच आहे. आपले अपराध मोजता वाणी शिणली, अशी कबुली कवी देतो. पण तीही देवाला बांधून घेण्यासाठीच. शंकराने विष धरले आणि टाकले नाही. कूर्माने पृथ्वीचा भार घेतला आणि सोडला नाही. गावच्या ओढ्याचे पाणी गंगेला मिळाले की त्याला कोणी ओढा म्हणत नाही. या दाखल्यांमधून एक न्याय उभा राहतो : एकदा स्वीकारलेले टाकावयाचे नसते, आणि लहानाचा दोष मोठ्याशी जोडला गेला की दोष उरत नाही. भक्त स्वतःचे गुण पुढे करीत नाही. तो केवळ नाते पुढे करतो.

४

या रचनेचे वेगळेपण तिच्या शेजारी म्हटल्या जाणाऱ्या रचनांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते.

महाभारताच्या अनुशासनपर्वातील ‘विष्णुसहस्रनामा’त युधिष्ठिर विचारतो आणि शरशय्येवरील भीष्म सांगतात. चौकटीत दोन माणसे आहेत, पण नामावलीच्या मुख्य भागात ‘मी’ जवळजवळ नाहीच. तेथे म्हणणारा नामांच्या प्रवाहात स्वतःला विसरू शकतो. महाराष्ट्रात दिवेलागणीला म्हटली जाणारी ‘रामरक्षा’ हे कवच आहे. शंकराने स्वप्नात सांगितली आणि जागे झाल्यावर बुधकौशिकाने लिहिली, अशी तिची उत्पत्ती तिच्यातच नोंदलेली आहे. शिरापासून पायांपर्यंत एकेका अवयवाला रामाचे एकेक रूप नेमून दिले जाते. तेथे ‘माझे’ आहे, पण ते शरीरापुरते. गाऱ्हाणे नाही, पूर्वायुष्य नाही, अपराध नाहीत. म्हणणारा तेथे वेढला जातो, बोलता होत नाही.

कन्नडमधील वादिराजांचे ‘लक्ष्मी शोभाने’ हे विवाहप्रसंगी स्त्रियांच्या समूहाने गावयाचे गीत. तेथील बोलणारा एकटा नसतो. ‘आपण’ सर्व मिळून मंगल चिंतितो. जगन्नाथदासांचे ‘हरिकथामृतसार’ भामिनी षट्पदीत असून त्याचे बत्तीस संधी तत्त्वविवेचनाने भरलेले आहेत. तेथे म्हणणारा शिकणारा असतो. पुरंदरदासांच्या काही पदांत मात्र देवाला सुनावण्याची, निंदास्तुतीची परंपरा दिसते. देवीदासाच्या स्तोत्राला जवळचा नातलग शोधावयाचा तर तो येथे सापडतो. फरक आहे तो विस्तारात आणि परिणतीत. पद गाऊन संपते, त्याला धृपद असते, गाऱ्हाणे फिरून फिरून त्याच जागी येते. १०८ ओव्यांच्या रचनेत ते पुढे सरकते. तक्रारीकडून कबुलीकडे, कबुलीकडून मानसपूजेकडे, आणि अखेर देवाच्या उत्तराकडे. म्हणणाऱ्याला हा प्रवास एका बैठकीत करावा लागतो. त्यातील एक टप्पा गाळता येत नाही.

प्रतिवादी भयंकरम् अण्णांनी पंधराव्या शतकात रचलेले ‘वेंकटेश सुप्रभातम्’ हे या दैवताचे आज सर्वाधिक ऐकले जाणारे स्तोत्र होय. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या आवाजातील त्याचे ध्वनिमुद्रण १९६३ सालचे. दक्षिण भारतातील असंख्य घरांत आणि देवळांत सकाळ त्या आवाजाने होते. पण येथे उपासकाचे स्थान श्रोत्याचे झाले आहे. कोणीतरी आपल्यासाठी म्हणते आणि आपण ऐकतो. ‘व्यंकटेश स्तोत्र’ही ध्वनिमुद्रित रूपात मिळते. तरी त्याचा अधिकृत असा एक आवाज मराठी मनात ठरलेला नाही. मध्यरात्री, एकांतात, एकाग्र चित्ताने म्हणावे, अशी संहितेचीच सूचना आहे. ही रचना आपल्यासाठी दुसऱ्याने म्हणण्याची नाही. तिची रचनाच तसे होऊ देत नाही.

५

येथे ‘मी’चा प्रश्न पुन्हा घेऊ. भावकवितेच्या वाचनात वाचक कवितेतील ‘मी’शी समरस होतो, असे आपण म्हणतो. पण ही समरसता सशर्त असते. पुस्तक मिटल्यावर तो ‘मी’ कवीकडे परत जातो. स्तोत्रपठणात तसे होत नाही. म्हणणारा संकल्प करतो, नेम धरतो, आणि स्तोत्रातील विनवणी ही त्याचीच विनवणी असते. कवीचे नाव रचनेच्या शेवटी येते खरे, पण म्हणणाऱ्याच्या लेखी देवीदास हा त्याच्या वतीने अर्ज लिहून देणारा लेखनिक असतो. अर्जदार तो स्वतःच.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत ‘म्हणणे हेच करणे’ अशा विधानांचा विचार मांडला. मात्र रंगभूमीवर किंवा कवितेत उच्चारलेली विधाने त्यांनी आपल्या विचारातून वगळली. ती गंभीरपणे केलेली नसतात, परोपजीवी असतात, असे त्यांचे म्हणणे होते. स्तोत्रपठण या वगळण्याला आव्हान देते. येथे उच्चार कवितेचा आहे, शब्द परक्याचे आहेत, आणि तरीही उच्चार पूर्ण गांभीर्याने केलेला आहे. ‘कविता’ आणि ‘कृती’ यांत ऑस्टिन यांनी घातलेली भिंत उपासनेच्या क्षेत्रात उभी राहत नाही.

पण याहून लक्षणीय गोष्ट संहितेच्या उत्तरार्धात घडते. विनवणी ऐकून देव बोलू लागतो. आता ‘मी’ म्हणणारा देव आहे. विश्वास धरून जो पठण करील त्याला आपण क्षणभरही दृष्टीआड करणार नाही, हे वचन देवाच्या प्रथमपुरुषात येते. आणि ते उच्चारतो कोण? ज्याने काही क्षणांपूर्वी भिकेच्या झोळीची तक्रार केली, तोच. एकाच बैठकीत, एकाच श्वासाच्या लयीत, त्याच तोंडातून तक्रारीचा ‘मी’ आणि अभयाचा ‘मी’ असे दोन्ही उमटतात. भक्ताला देवाचे उत्तर कानांनी ऐकू येत नाही. ते त्याच्या स्वतःच्या आवाजात येते. एकटेपणी, रात्री, आपल्याच आवाजात आपल्याला दिलेले हे आश्वासन मानसशास्त्रीय दृष्टीने काय असेल ते असो; काव्यरचनेच्या दृष्टीने ती असामान्य योजना आहे. स्तोत्र ‘साधना’ होते ते या वळणावर. तेथवर म्हणणारा मागणारा होता. आता त्याला देणाऱ्याच्या जागी उभे राहून बोलावे लागते.

या संदर्भात फलश्रुतीचा पुनर्विचार करणे भाग आहे. धनाची इच्छा असणाऱ्याने एकवीस दिवस, पुत्रार्थ्याने तीन महिने, कन्यार्थ्याने म्हणजे वधूची इच्छा करणाऱ्याने सहा महिने, आणि व्याधिग्रस्ताने एक मंडळ पठण करावे, असे देव सांगतो. मंडळ म्हणजे मराठी घरांत सहसा बेचाळीस दिवस; दक्षिणेत ते एक्केचाळीस किंवा अठ्ठेचाळीस दिवसांचेही धरतात. आधुनिक वाचकाला ही दरपत्रकासारखी यादी खटकते, आणि ‘हा व्यवहार आहे, साधना नव्हे’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप निराधार नाही. घराघरांतून मंडळाचा संकल्प होतो तो बहुधा कामनेपोटीच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु संहितेतील क्रम आक्षेपकांच्या लक्षात आलेला नाही. प्रथम येतो तो केवळ विश्वासाने म्हणणारा. त्याच्यासाठी दिवसांची मर्यादा नाही आणि फळही वस्तुरूप नाही. देव त्याला विसंबत नाही, एवढेच. इच्छा धरून म्हणणारा त्याच्यानंतर येतो, आणि मुदती सुरू होतात त्या त्याच्यापासून. म्हणजे मुदत हे कामनेचे लक्षण होय. विश्वासाला मुदत नसते. फलश्रुती ही अशा रीतीने वाचकांचे वर्गीकरण करते, वाचनाचा काळ, स्थळ आणि चित्तवृत्ती सांगते, आणि वाचनाच्या परिणामांविषयी आपला सिद्धान्त मांडते. वाचक-प्रतिसादाच्या उपपत्तींचा आपण गेली काही दशके अभ्यास करीत आहोत. आपल्याच एका लोकप्रिय संहितेने स्वतःच्या वाचनाची उपपत्ती पोटात बाळगली आहे, याची मात्र दखल घेतली गेली नाही.

६

आता बनशंकरीतील अनुभवाकडे. तेथील ज्या घरांत मी हे स्तोत्र ऐकले, त्यांत तीन तऱ्हा आढळल्या. पहिल्या पिढीतील माणसे पोथी समोर ठेवून म्हणतात, आणि पोथीकडे पाहत नाहीत. दुसऱ्या पिढीला घरातली मराठी येते, पण ग्रंथिक ओवीतील जुनी रूपे अडतात. तिसऱ्या पिढीची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, रस्त्यावर कन्नड बोलतात आणि स्तोत्र आजीच्या तोंडून ऐकून पाठ करतात. एका घरात वहीत ते कन्नड लिपीत उतरवलेले पाहिले. मुलाचा उच्चार आजीपेक्षा स्वच्छ होता. अर्थ विचारल्यावर तो संकोचला नाही. ‘हे देवाचे आहे’ एवढेच त्याने सांगितले.

हा प्रश्न नवा नाही. मंत्र निरर्थक आहेत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात नोंदवून खोडून काढले आहे. तेथे खांबाची प्रतिमा दोनदा येते. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे, असे यास्क एका ठिकाणी म्हणतो. अन्यत्र, अर्थ न जाणता वेद पाठ करणारा हा ओझे वाहणारा खांब होय, असे सांगितले आहे. एका प्रतिमेत खांब म्हणजे अर्थ, जो न दिसणे ही पाहणाऱ्याची उणीव. दुसरीत खांब म्हणजे पाठक, जो भार वाहतो पण जाणत नाही. विसाव्या शतकात फ्रिट्स स्टाल यांनी ‘रूल्स विदाउट मीनिंग’ (१९८९) या ग्रंथात कौत्साची बाजू नव्या शास्त्रीय भाषेत मांडली : विधी आणि मंत्र यांत नियम असतात, अर्थ असलाच पाहिजे असे नाही.

बनशंकरीतील मुलगा यांपैकी कोठे बसतो? कौत्स आणि स्टाल यांचा युक्तिवाद वैदिक मंत्रांविषयी होता. तो या स्तोत्राला लागू करता येणार नाही, कारण हे स्तोत्र मुळात समजण्यासाठीच मराठीत आले. संस्कृतचा अधिकार नसलेल्यांना, त्यात सर्व वर्णांच्या स्त्रियाही आल्या, स्वतःच्या भाषेत देवाशी भांडता यावे, हे त्याचे प्रयोजन. ज्या रचनेचा जन्म अर्थासाठी झाला, ती मंत्रासारखी निरर्थक नादरूप झाली, तर तिचे काहीतरी मूलभूत हरवते. देवाला ‘कंजूष’ म्हणणारी ओवी अंगाईच्या स्वरात म्हटली जाते, तेव्हा भांडण विझलेले असते. स्तोत्र टिकते, वाद टिकत नाही. पोटासाठी घरदार सोडून दिशा दिशा हिंडल्याची जी तक्रार देवीदासाने केली, तिचा खरा वारसदार स्थलांतरित कुटुंबातला हा मुलगाच असावा, आणि नेमकी तीच त्याला कळू नये, यात एक दुःख आहे.

तरीही ‘ओझे वाहणारा खांब’ म्हणून त्याला निकालात काढणे घाईचे होईल. खांब ओझे वाहतो म्हणूनच ते पुढच्याच्या हाती लागते. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी ‘द लाइफ ऑफ अ टेक्स्ट’ (१९९१) या ग्रंथात ‘रामचरितमानसा’च्या गायन-कथन-पठणाचा अभ्यास करताना दाखवून दिले आहे, की संहितेचे आयुष्य तिच्या छापील प्रतीत नसून तिच्या सादरीकरणाच्या साखळीत असते. या साखळीतील प्रत्येक कडीला पूर्ण अर्थ अवगत असतोच असे नाही. पाठांतर हा अर्थाचा अभाव नसून अर्थाची ठेव असू शकते. कित्येकांना लहानपणी घोकलेल्या ओवीचा अर्थ पुढे आयुष्यात एखाद्या अडचणीच्या रात्री अचानक उलगडतो. मात्र ठेव सोडविण्यासाठी भाषा लागते. ती त्या घरात उरेल काय, हा प्रश्न स्तोत्राच्या हाती नाही.

अर्थ कळूनही न दिसणारी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. मी ऐकलेल्या घरांत नेमाने पठण करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. संहितेतील ‘मी’ मात्र पुल्लिंगी आहे. तो स्वतःला देवाचा ‘म्हणवितो’, ‘म्हणविते’ नव्हे. फलश्रुतीतील पुत्रार्थी, धनार्थी आणि कन्यार्थी हेही पुरुषच. वर मागणाऱ्या मुलीसाठी, सासरी सुख मागणाऱ्या सुनेसाठी तेथे मुदत सांगितलेली नाही. पठणात क्रियापदाचे रूप बदलून म्हणणारी एकही स्त्री मला आढळली नाही. याविषयी विचारता, मराठीवर उत्तम प्रभुत्व असलेल्या एका गृहिणीने सांगितले, की इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात आले नव्हते. आणि थोडे थांबून म्हणाल्या, ‘पण भांडण माझंच आहे ना!’ या उत्तरात आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. व्याकरणातील ‘मी’ आणि पठणातील ‘मी’ एक नसतात. पठण करणारी स्त्री संहितेतील पुरुषाच्या जागी उभी राहून बोलते, जशी पुढे देवाच्या जागी उभी राहून बोलते. मात्र उरलेले अर्धे उत्तर असे, की तिची स्वतःची कामना संहितेत नाव घेऊन आलेली नाही. ती तिला ‘सर्व कामनां’च्या मोघम वचनात बसवावी लागते. स्तोत्र सर्वांसाठी खुले आहे म्हणताना ही असमानता समीक्षेने झाकू नये.

७

या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. ‘व्यंकटेश स्तोत्र’ ही केवळ लोकश्रद्धेची वस्तू नाही. छंद, वाद आणि श्वास यांच्या योजनेतून उभी राहिलेली ती एक विचारपूर्वक केलेली काव्यरचना आहे. तिचे मर्म मौन वाचनात प्रकटत नाही, पठणातच प्रकटते, म्हणून तिच्या समीक्षेला पठणाचे काव्यशास्त्र घडवावे लागेल. त्या काव्यशास्त्रात ‘मी’ हे रिकामे आसन मानावे लागेल : कवी त्यावरून उठतो, पाठक बसतो, आणि उत्तरार्धात तेथेच देव येऊन बोलतो. शेजारच्या संस्कृत आणि कन्नड स्तोत्रांत या आसनाची मांडणी वेगवेगळी असल्याने हा विचार तौलनिक पद्धतीनेच करणे योग्य ठरेल. एकाच देवघरात म्हटल्या जाणाऱ्या बहुभाषिक रचनांचा एकत्र अभ्यास हे त्याचे पहिले पाऊल होय.

अर्थाविना पठण हे वाङ्मय काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र मी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देऊ शकत नाही. अशा पठणात रचना जिवंत राहते, पण मुकी राहते. ती पुन्हा बोलती होण्यासाठी त्या घरात कोणीतरी एका संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन, ही ओवी म्हणजे देवाशी केलेले भांडण आहे, असे समजावून सांगावे लागेल. विद्यापीठातील अध्यासनांनी संहितांच्या शुद्ध प्रती सिद्ध कराव्यात, हे योग्यच. परप्रांतातील मराठी घरांसाठी अशा पठणसंहितांच्या सुबोध, सार्थ आणि कन्नड लिपीतीलही आवृत्त्या सिद्ध करणे, हेही त्यांच्या कार्यकक्षेत यावे, असे मला वाटते. ज्या मुलाच्या वहीत ‘व्यंकटेश स्तोत्र’ कन्नड अक्षरांत उतरले आहे, त्याने आपल्या परीने भाषांमधला पूल बांधावयास घेतला आहे. त्याच्या पलीकडच्या टोकाला अर्थ उभा करणे हे काम आपले आहे.